पावसात ५० वॉटचा पीए ट्रिप होतो: रिफ्लेक्टेडची मर्यादा वाढवू का? रिमोट कसा लावू?

रानातला_रेडिओ:

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमच्या कॉलेजचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. तांत्रिक बाजू मी बघतो, म्हणजे मिक्सरपासून मास्टवरच्या लाल दिव्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. ट्रान्समीटर कॅम्पसमध्येच, पण पार मागच्या टेकाडावर पत्र्याच्या खोलीत. स्टुडिओतून ऑडिओ वायरलेस लिंकवरून जातो. मास्ट ३० मीटर, अर्धा इंची फोम केबल ४५ मीटरच्या आसपास, वर दोन बेचा (म्हणजे एकावर एक दोन भागांचा) डायपोल अँटेना.

कोरड्या दिवशी रिफ्लेक्टेड पॉवर (अँटेनाकडून परत येणारी) १ वॉटच्या आगेमागे असते. भिजपाऊस लागला की ३, ४, ५ करत चढते आणि पीए (ट्रान्समीटरचा पॉवर ॲम्प्लिफायर) ट्रिप होतो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो. ठरलेले तीन प्रयत्न करून शेवटी लॉकआउटमध्ये जातो. मग छत्री घेऊन चिखलातून टेकाडावर चढायचं आणि रिसेट दाबायचं. सकाळी सहाला शेतीचा कार्यक्रम असतो. तो बंद दिसला की लोक स्टुडिओला नाही, थेट माझ्या मोबाइलवर फोन करतात.

मेनूत ‘फॉल्ट लिमिट्स’मध्ये सध्या असं आहे: रिफ्लेक्टेड ट्रिप ५ वॉट, अलार्म बंद, फोल्डबॅक बंद, तापमान ७५, ड्रेन करंट (पीएच्या ट्रान्झिस्टरचा) ३ अँपिअर, ऑटो रिसेट ३ वेळा. ‘रिमोट’मध्ये पर्याय दिसतात ते लोकल, सिरियल आणि इथरनेट. आत्ता लोकलवर आहे.

मशीन ज्यांनी पुरवलं त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, “ट्रिप १० वर न्या, ऑटो रिसेट अनलिमिटेड करा, पावसाळा निघून जाईल.” प्राचार्यांनाही हे पटलंय, कारण खर्च शून्य. करू का? आणि घरून, फोनवरून रिसेट करता येईल असं काही करता येईल का?


जुना_शिफ्टवाला:

१० वर नेऊ नका.

तुमचा ट्रान्समीटर शहाण्यासारखा वागतोय. दुखणं मास्टवर आहे आणि औषध चाललंय मेनूतल्या आकड्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जरा हिशोब करू. ५० वॉट वर जातात आणि ५ परत येतात म्हणजे १० टक्के. त्याचा रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर जाणाऱ्यापेक्षा किती कमी त्याचं माप) होतो १० डीबी. पण तुमचा मीटर बसलाय खाली ट्रान्समीटरपाशी. ४५ मीटर अर्धा इंची केबल आणि कनेक्टर मिळून एफएमवर १ डीबी खातात असं धरा. तो १ डीबी जाताना कटतो आणि येताना पुन्हा कटतो. म्हणजे वर अँटेनापाशी खरा रिटर्न लॉस ८ डीबी, एसडब्ल्यूआर (जोडणी किती बिघडलीय त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) २.३. आता ट्रिप १० वॉटवर नेलात तर खाली २० टक्के दिसेपर्यंत मशीन गप्प बसणार, आणि तोवर वर एसडब्ल्यूआर साडेतीनच्या पुढे गेलेला असणार. खालचा आकडा नेहमी परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवतो, हे डोक्यात ठेवूनच मर्यादा ठरवायची.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, “आजकालचे एलडीमॉस ट्रान्झिस्टर ६५:१ एसडब्ल्यूआर सोसतात, डेटाशीटवर लिहिलंय.” लिहिलंय खरं. पण ते एकट्या ट्रान्झिस्टरबद्दल, चाचणीच्या ठरावीक अटींत. त्याच्या पुढे जो लो-पास फिल्टर आहे, त्यातले कपॅसिटर, आउटपुटचा कनेक्टर, वरचा पॉवर स्प्लिटर (अँटेनाच्या दोन भागांत पॉवर वाटणारा), यांच्यासाठी कुणी तसं लिहून दिलेलं नाही. ट्रान्झिस्टर वाचतो आणि फिल्टर काळा पडतो, असे पीए मी टेबलावर उघडलेले आहेत.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. केबलमध्येच पाणी शिरलं तर केबलचा लॉस वाढतो. लॉस वाढला की परत येणारी पॉवर वाटेतच मुरते, आणि खाली रिफ्लेक्टेड कमी दिसायला लागतं. माणूस खूश होतो, “आपोआप बरं झालं.” तिकडे शेजारच्या गावात आवाज खरखरायला लागलेला असतो. म्हणून नुसतं रिफ्लेक्टेड बघू नका. दहा किलोमीटरवरच्या एखाद्या ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या रेडिओवर सिग्नल कसा येतो तेही महिन्यातून एकदा बघून वहीत टिपा.

आता आधी दुखणं शोधा. आउटपुटला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) लावा, पूर्ण ५० वॉट द्या, भर पावसात. रिफ्लेक्टेड जवळपास शून्य राहिलं तर मशीन आणि त्याचा कपलर (पॉवर मोजणारा भाग) निर्दोष. मग ट्रान्समीटर बंद करून केबलच्या खालच्या टोकाला नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) जोडा. कुणा हॅमवाल्याकडे (हौशी रेडिओवाल्याकडे) असेलच, नसेल तर फार महाग नाही. त्यात टाइम डोमेनचा पर्याय असतो. केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर, म्हणजे तिच्यातला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या किती पट, तो घाला (अर्धा इंची फोमला ०.८८ च्या आसपास, केबलच्या कागदावर बघून घ्या), म्हणजे खोट किती मीटरवर आहे ते आलेखावर दिसतं. ते एकदा कळलं की मास्टवर चढणाऱ्याला नुसतं “वर बघ” असं सांगावं लागत नाही.

मर्यादांचं. त्या चांगल्या दिवसाच्या मोजमापावरून ठरवायच्या. सिस्टीम नवी होती तेव्हाचे आकडे आहेत का कुठे? ५० वॉटवर रिफ्लेक्टेड, ड्रेन व्होल्टेज, ड्रेन करंट, हीटसिंकचं तापमान, खोलीचं तापमान. नसतील तर दुरुस्तीनंतर घ्या आणि ट्रान्समीटरच्या दाराच्या आतून चिकटवा.

समजा निरोगी रिफ्लेक्टेड ०.५ वॉट निघालं, तर अलार्म १.५ वर. हा नुसता निरोप आहे, काही बंद पडत नाही. फोल्डबॅक २.५ वर. ट्रिप ५ वरच राहू द्या. फोल्डबॅक बंद का ठेवलाय तुमच्याकडे? हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टीसाठी तोच उपाय आहे. रिफ्लेक्टेड चढलं की तो फॉरवर्ड (वर जाणारी पॉवर) कमी करतो. परत येणारे १० टक्के असतील तर २.५ वॉटची मर्यादा सांभाळायला मशीन २५ वॉटवर उतरेल. म्हणजे ३ डीबी कमी. गावात कुणाला कळणारही नाही, कडेच्या वस्त्यांवर जरा खरखर. पण सहाचा कार्यक्रम चालू राहील. ट्रिप कशासाठी, तर केबल तुटली, वीज पडली, कनेक्टर सुटला, अशा एकदम होणाऱ्या गोष्टींसाठी.

फोल्डबॅकमध्ये एक गोम आहे. एकदा तो सुरू झाला की रिफ्लेक्टेड २.५ वरच चिकटलेलं दिसतं आणि वाटतं सगळं स्थिर आहे. बिघाड वाढत असतो, फक्त फॉरवर्ड खाली खाली जात असतं. म्हणून लॉगमध्ये दोन्ही आकडे हवेत, आणि बघायचं ते गुणोत्तर.

ड्रेन करंट ३ अँपिअर हा फॅक्टरीतून आलेला आकडा दिसतोय. सप्लाय ५० व्होल्टचा असेल तर ५० वॉट काढायला साधारण दीड-पावणेदोन अँपिअर लागतात. जो निघेल त्याच्या २०–२५ टक्के वर मर्यादा ठेवा. ऑटो पॉवर कंट्रोल असलेलं मशीन पीएचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) घसरला तरी ड्राइव्ह (पीएला जाणारा सिग्नल) वाढवून ५० वॉट देतच राहतं. पॉवरचा मीटर काही सांगत नाही, करंट सांगतो. ३ अँपिअरवर मर्यादा असेल तर तो सांगेपर्यंत पीए गेलेला असेल.

कुणीतरी “१०० वॉटचं मशीन घ्या, मग फोल्डबॅकचं टेन्शन नाही” असं सुचवण्याआधीच लिहितो: कम्युनिटी रेडिओला मर्यादा इआरपीची (केबलचा लॉस आणि अँटेनाचा फायदा धरून निघणाऱ्या पॉवरची) आहे, साधारणपणे १०० वॉट. तुमचे ५० वॉट, दोन बेच्या अँटेनाचे ३ डीबी, केबलचा १ डीबी वजा, म्हणजे ७९ वॉटच्या आसपास. फार जागा उरलेली नाही.


दर्याकाठचा:

शिफ्टवाल्यांशी सहमत. आमच्याकडे कोकणात खारं वारं, त्यामुळे हा खेळ वर्षभर. ९० टक्के वेळा पाणी वरच्या एन कनेक्टरमधून नाहीतर स्प्लिटरच्या सांध्यातून शिरतं. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप खालून वर गुंडाळत न्या, कौलं घालतात तसा वरचा वेढा खालच्यावर आला पाहिजे. वरून साधी पीव्हीसी टेप, नाहीतर ऊन त्याला खातं. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन कनेक्टरला लावू नका. सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि तांबं हिरवं पडतं. केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल.


नेटवाली_नाशिक:

रिमोटचं मी सांगते, रोजचं काम तेच आहे.

लिंक आधीच आहे म्हणजे निम्मं काम झालंय. रिमोट इथरनेटवर ठेवा, ट्रान्समीटरला स्थिर आयपी द्या. फॅक्टरीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणावर नजर ठेवायची पद्धत) असेल तर ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही नावंही बदला, ती सगळ्या जगाला पाठ आहेत. वापरत नसाल तर एसएनएमपी सरळ बंद. स्टुडिओतल्या निवेदकांना फक्त बघण्याचा लॉगिन द्या. आरएफ (प्रसारणाची पॉवर) बंद करण्याचं बटण त्यांना मिळालं तर चालेल, मर्यादा बदलण्याचं नको.

घरून बघायचं तर राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका. ट्रान्समीटरचं वेबपेज उघड्या इंटरनेटवर ठेवण्यासारखं बनवलेलं नसतं. शिवाय नेट सिमकार्डचं असेल तर बहुतेक वेळा ते सीजीनॅटच्या (कंपनीने अनेकांना मिळून दिलेल्या एकाच आयपीच्या) मागे असतं, पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी आत येत नाही. स्टुडिओतल्या राउटरवर वायरगार्ड (एक व्हीपीएन) टाका, जो स्वतःहून बाहेरच्या एका छोट्या सर्व्हरला जोडून राहील. तुमचा फोनही त्याच सर्व्हरला जोडायचा.

‘कम्युनिकेशन लॉस’ नावाची सेटिंग कुठेतरी असेल. लिंक तुटली तर मशीनने काय करायचं ते तिथे ठरतं. ‘होल्ड’ ठेवा, म्हणजे चालू असेल तर चालू राहील. ‘ऑफ’ ठेवलंत तर वायरलेस लिंक पावसात जरा डळमळली की प्रसारण बंद.

पण मग लिंक तुटलेली असताना प्रसारण थांबवायचं असेल तर? त्यासाठी वेगळा मार्ग हवा. एसएमएसवर चालणारा जीएसएम रिले घ्या, तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा आणि त्याचा कॉन्टॅक्ट ट्रान्समीटरच्या इंटरलॉकच्या लूपमध्ये मालिकेत टाका. मेन्स कापू नका. इंटरलॉक तोडला की आरएफ जातो आणि पंखे चालू राहतात.

रिसेटसाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून देऊ शकते. दर मिनिटाला स्टेटस वाचायचं, ट्रिप दिसली की पाच मिनिटं थांबून रिसेट पाठवायचा. तुमची झोप वाचेल.


जुना_शिफ्टवाला:

बाई, बाकी सगळं उत्तम. शेवटच्या परिच्छेदाला माझा विरोध नोंदवा.

पुरवठादार म्हणाला तो ‘अनलिमिटेड ऑटो रिसेट’ आणि ही स्क्रिप्ट यात फरक एवढाच की एक मशीनच्या आत आहे आणि दुसरी बाहेर. रात्री दोनला स्प्लिटरमध्ये स्पार्क होतोय, मशीन तीनदा प्रयत्न करून शहाणपणाने लॉकआउटमध्ये गेलंय, आणि तुमची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी त्याला ढोसून उठवतेय. सकाळपर्यंत स्प्लिटरमधल्या टेफ्लॉनचा कोळसा.

प्रत्येक फॉल्टला वेगळा नियम लावा. लाईटचं व्होल्टेज खाली गेलं म्हणून पीए बंद पडला, तर व्होल्टेज सुधारल्यावर कितीही वेळा आपोआप उठू दे, त्यात पीएचं काही जात नाही. तापमानाचंही तसंच, फक्त परत चालू होण्याचा आकडा ट्रिपच्या किमान दहा अंश खाली हवा, नाहीतर मशीन चालू-बंद, चालू-बंद करत बसतं. रिफ्लेक्टेडला तीन प्रयत्न, मध्ये १५–२० सेकंद, मग लॉकआउट. आणि जास्त ड्रेन करंटला एकच प्रयत्न, त्यानंतर माणूस.


नेटवाली_नाशिक:

मान्य, पण अर्धंच. स्क्रिप्टमध्ये फॉल्टचा कोड वाचता येतो. कमी व्होल्टेजचा कोड असेल तरच रिसेट, बाकीच्यांना फक्त फोनवर निरोप. आणि निरोपात त्या क्षणाचं फॉरवर्ड, रिफ्लेक्टेड, करंट आणि तापमान, म्हणजे घरी बसलेल्या माणसाला टेकाडावर जायचं की नाही ते ठरवता येईल. मशीनचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवून) लावून घ्या, नाहीतर लॉगमधली वेळ १९७० ची दिसते आणि पाऊस कधी आला, ट्रिप कधी झाली हे जुळवता येत नाही.


जुना_शिफ्टवाला:

हे चालेल.


रानातला_रेडिओ:

सगळ्यांचे आभार. जरा उशीर झाला, उघडीप मिळायची वाट बघत होतो.

डमी लोडवर भर पावसात रिफ्लेक्टेड शून्याला चिकटून होतं. नॅनोव्हीएनए शेजारच्या तालुक्यातल्या एका हॅम मित्राकडून आणला. आलेखावर मोठा उंचवटा ४३ मीटरच्या आसपास आला, म्हणजे पार वर स्प्लिटरच्या तोंडाशी. चढणाऱ्या पोराने टेप सोडली तर आतून पाणी गळलं आणि कनेक्टरची पिन हिरवी. सिलिकॉनच लावलेलं होतं, वासाचंच. कनेक्टर नवा घातला, टेप खालून वर. आता ५० वॉटवर ०.६ रिफ्लेक्टेड, ड्रेन ५० व्होल्ट, १.६ अँपिअर. अलार्म १.५, फोल्डबॅक २.५, ट्रिप ५ आणि करंट २ अँपिअर ठेवलंय. त्यानंतर एक मोठा पाऊस झाला, रिफ्लेक्टेड ०.७ च्या वर गेलं नाही.

दोन गोष्टी उरल्या. एक, रिमोट आता इथरनेटवर कायम ठेवू का? दुसरी, तापमान. उन्हाळ्यात आमच्याकडे ४२–४३ होतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. ७५ पुरेल की ८५ करू?


जुना_शिफ्टवाला:

३ अँपिअरचे २ केलेत, बरं झालं.

रिमोट कायम ठेवा, फक्त एक पथ्य पाळा. तुमचा पोरगा वर चढला तेव्हा मशीन लोकलवर होतं म्हणून प्रश्न आला नाही. आता घरून आरएफ चालू करता येणार म्हटल्यावर, मास्टवर कुणी चढणार असेल तर आधी लोकलला घ्या, आरएफ बंद करा, इंटरलॉकचा प्लग उपसा आणि तो प्लग चढणाऱ्याच्याच खिशात द्या. टेबलावर नको, तुमच्या खिशातही नको. तो खाली येऊन स्वतः प्लग लावेल तेव्हाच आरएफ. रिमोटवरून ‘लोकल’ मोड मोडता येतो का तेही तपासा. एखाद्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरमधून मोडता येतो, आणि तसं असेल तर त्या स्विचवर विसंबायचं नाही, प्लगच खरा.

लाईट जाऊन आल्यावर काय करायचं ती सेटिंगही बघा. ‘ऑन’ नको, ‘लास्ट स्टेट’ हवं. तुम्ही मुद्दाम बंद करून गेलात आणि मध्येच लाईट जाऊन आली तर ‘ऑन’वालं मशीन स्वतःच सुरू होतं. सोबत ३० सेकंदांचा उशीर ठेवा, लाईट आली की पहिल्या काही सेकंदांत व्होल्टेज वर-खाली नाचतं.

तापमान ८५ करू नका. सेन्सर हीटसिंकवर आहे, ट्रान्झिस्टरच्या आतलं तापमान त्याहून बरंच वर असतं. हीटसिंक खोलीपेक्षा किती वर चालतो ते आत्ता मोजा. २५ अंश वर असेल तर खोली ४५ झाल्यावर ७० होईल. म्हणजे ७५ ची ट्रिप बरोबर आहे, अडचण खोलीची आहे. अलार्म ६५, फोल्डबॅक ७०. पत्र्याखाली थर्माकोलची नाहीतर बांबूच्या चटईची छत मारा, खोलीच्या वरच्या अंगाला एक्झॉस्ट पंखा बसवा, आणि ट्रान्समीटरच्या मागून निघणारी गरम हवा त्याच्याकडेच जाईल असं बघा. मागे भिंत चिकटून असेल तर मशीन वीतभर पुढे ओढा.

आणि कॅम्पसच्या आजूबाजूला सोयाबीन असेलच. मळणीचा भुसा पंख्याच्या जाळीत बसतो आणि आठवड्यात हवा निम्मी करतो. ऑक्टोबरमध्ये, थंडी सुरू होताना, तापमानाचा अलार्म यायला लागला तर आधी जाळी काढून झाडा, मग मला लिहा.